पाशाच्या गळ्यातली घंटा

माझ्या नवऱ्याला वेड लागलंय, असं गावात सगळ्यांत आधी वल्कान म्हणाला, आणि तेही माझ्या तोंडावर.

मे महिन्यातला संत जॉर्जचा दिवस होता. त्या दिवशी आमच्या रोदोपी डोंगरात गावभरच्या मेंढ्या एकत्र करतात आणि एका मेंढक्याच्या हवाली करतात. एकेका घरच्या पाच-सहा मेंढ्या, पण त्यांच्याच दुधाच्या चीजवर ते घर हिवाळा काढतं. त्या वर्षी मेंढका होता माझा नवरा, करमफिल. मेंढवाड्याच्या फाटकापाशी मी धारा काढत बसले होते आणि करमफिल एकेका मेंढीच्या गळ्यात घंटा बांधत होता. बांधायच्या आधी तो प्रत्येक घंटेची कड दातांत धरायचा, बोटाने टिचकी मारायचा आणि डोळे मिटून ऐकायचा. लोक रांगेत खोळंबले होते.

"वैनी," वल्कान म्हणाला, "ज्याच्यापायी जपानात लोकं उटून हुबी ऱ्हायली, त्यो हितं माज्या मेंढीची घंटा चावतोय. येड लागलं म्हनायचं का दुसरं काय?"

"तुज्या मेंढीकडं कुनीतरी बघतंय तरी. तुज्या बायकूला ईचार, तिच्याकडं कोन बघतं ते."

सगळे हसले. वल्कानही हसला आणि कानामागे खाजवत बाजूला झाला. मी खाली मान घालून पुढची मेंढी ओढली. तोंडाने मी कुणाला हार जात नाही, पण मनातून मलाही तेव्हा तेच वाटत होतं.

नऊ वर्षं आम्ही प्लोवदिव शहरात होतो. तिथल्या मोठ्या वाद्यवृंदात करमफिल मशकबाजा वाजवायचा. बकऱ्याच्या कातड्याची मशक काखेत दाबून वाजवायचं ते आमच्या डोंगराचं वाद्य. तो पहिल्या खुर्चीवरचा, म्हणजे मुख्य वादक होता. त्याच्या नावाच्या तबकड्या निघाल्या होत्या. मी तिथेच कलाकारांचे पोशाख शिवायचे. तिसऱ्या मजल्यावर घर होतं, नळाला गरम पाणी होतं. एकदा तो परदेशातून आला, मशक कपाटावर ठेवली आणि म्हणाला, "युर्दाना, ह्या वाजवन्यात मलाच माजा वास येतोय. मला असं काय तरी ऐकायचंय, ज्यात वाजवनारा कुनी न्हाई." मला वाटलं, दमलाय. दोन दिवस झोपेल आणि उठेल.

तो उठला तो थेट गावाकडे निघाला. कळप हेच त्याला वाद्य करायचं होतं. चाळीस घंटा, एकेक हातोडीने ठोकून, कानशीने घासून अशा जुळवायच्या, की मेंढ्या चरायला लागल्या की सगळा डोंगर एका सुरात बोलेल. आणि वाजवणारं तिथे कुणी नसेल, नुसतं गवत आणि भूक. हे त्याने मला सांगितलं तेव्हा त्याचे डोळे इतके चांगले दिसत होते की मी नाही म्हणू शकले नाही.

वरती आमची झोपडी होती, दगडाची, वर पत्रा, दाराशी राखणीचा कुत्रा. पलीकडे कुरण, आणि कुरणाच्या टोकाला गरुडकडा. कड्याखाली इतकी खोल दरी की टाकलेल्या दगडाचा आवाज परत येत नाही. माझ्या सासऱ्याने हयातभर त्या कुरणावर मेंढ्या राखल्या आणि एकही तिकडे जाऊ दिली नाही. मी मात्र पहिल्या दिवशीच कडा पाहून आले आणि पुन्हा तिकडे पाऊल टाकायचं नाही असं ठरवलं.

कामाला तोटा नव्हता. पहाटेच्या धारा, संध्याकाळच्या धारा. मधे दूध तापवायचं, विरजायचं, फडक्यात बांधून दगडाखाली दाबायचं, मिठाच्या पाण्यात सोडायचं. माझी मनगटं सुजून पावासारखी झाली. मिठाने बोटांच्या पेरांना चिरा पडल्या. करमफिलने धारा काढायच्या, असं आमचं ठरलं होतं. पहिला महिनाभर त्याने काढल्या. मग एखाद्या मेंढीखाली बसला की घंटेकडे हात जायचा, कानस निघायची, आणि दूध तसंच राहायचं.

"आचळं दगडावानी झाल्यात तिची," मी ओरडायचे. "कान हायेत न्हवं तुला? ती बोंबलतीया ते ऐकू येत न्हाई का?"

"येतंय की," तो म्हणायचा. "तिची घंटा आन ती, दोगी बी यकाच पट्टीत बोंबलत्यात."

मला हसू यायचं. तेव्हा अजून यायचं.

मला पहिल्यांदा भीती वाटायची ती अस्वलाची. जूनमध्ये त्याने पलीकडच्या कुरणावरची दोन कोकरं नेली. मग विजेची वाटायला लागली, कारण पत्र्याखाली आम्ही दोघंच. आणि कधीतरी, नक्की केव्हा ते सांगता येत नाही, मला माझ्या नवऱ्याची भीती वाटायला लागली. त्याने मला कधी बोट लावलं नाही. पण घंटा चावून चावून त्याच्या पुढच्या दाताचा तुकडा उडाला, तेव्हा तो रक्त थुंकला आणि तीच घंटा पुन्हा तोंडात धरली. एक मेंढी लंगडत होती. तिच्या खुरातला काटा मी काढायला बसले तर म्हणाला, "ऱ्हाऊ दे दोन दीस. लंगडती तवा तिची घंटा मागनं पडती, ती जागा लई चांगली हाय." मी काटा काढला. त्या दिवशी तो माझ्याशी बोलला नाही.

जुलैत वाद्यवृंदाचे संचालक हारितोन आले. गाडी खाली ठेवून, शहरातल्या बुटांनी दोन तास चढून आले. माणूस घामाने निथळला होता. येताना मला चॉकलेटचा डबा आणला होता. माझ्या हातांना मठ्ठ्याचा आंबूस वास, नखांत लोकरीचं मेण. डबा घ्यायला मी हात एप्रनला पुसले, पुन्हा पुसले, आणि शेवटी म्हणाले, "तितंच फळीवर ठिवा." त्यांनी पाहिलं आणि न पाहिल्यासारखं केलं. ते मला जास्त लागलं.

"करमफिल, तुझी खुर्ची अजून रिकामी ठेवली आहे," हारितोन म्हणाले. "मी भांडलो त्यासाठी. डिसेंबरात पॅरिस आहे. तू फक्त हो म्हण."

करमफिलने त्यांना दही वाढलं, पाव दिला, राकियाचा, आमच्याकडच्या फळांच्या दारूचा, पेला भरला. मग म्हणाला, "चला, दावतो." आम्ही तिघं कुरणाच्या वर एका खडकावर बसलो. खाली कळप चरत होता. घंटा वाजत होत्या. इतक्या महिन्यांत मी त्या सतत ऐकल्या होत्या, म्हणून मला काही वेगळं जाणवलं नाही. हारितोन मात्र घाम पुसता पुसता थांबले. बराच वेळ बसले. त्यांच्या हातातला रुमाल तसाच राहिला.

उठताना ते हळूच म्हणाले, "हे... हे खरंच आहे रे."

"न्हाई अजून," करमफिल म्हणाला. "पाशाची घंटा बसत न्हाई."

पाशा म्हणजे म्होरक्या एडका. त्याच्या गळ्यात सगळ्यांत मोठी घंटा असते आणि कळप तिच्या मागे जातो. पाशाच्या गळ्यातली घंटा माझ्या सासऱ्याची होती, त्याच्याही बापाने घडवून घेतलेली. बाकीच्या चाळीस जुळल्या होत्या, ती एकटी वेगळं बोलायची. तिला कानस लावायचा करमफिलला धीर होत नव्हता.

मी हारितोनना वाटेपर्यंत सोडायला गेले. मनात होतं की त्यांचे पाय धरावेत आणि म्हणावं, न्या त्याला. पण ते जाता जाता म्हणाले, "युर्दानाबाई, त्याला सांभाळा. मी आता पुन्हा बोलवायला येणार नाही." खुर्ची दुसऱ्याला देणार, हे मला कळलं. मी वाटेतच दगडावर बसून रडले आणि तोंड धुऊन वर गेले.

ऑगस्टच्या शेवटी करमफिल लोहाराकडून नवी मोठी घंटा घेऊन आला. पाशाच्या गळ्यातली जुनी काढली, नवी बांधली. तीन-चार दिवस कळप बावरला, मग पाशाला बघून चालायला लागला. मला वाटलं, सुटलो एकदाचे. आता तरी ह्याची कानस खाली राहील.

"आन जुनी कुटं ठिवलीस?" मी विचारलं.

"कड्यावं. सुकल्या पाईनला बांदलीया. वारा आला की लांबनं वाजती, लांबनं आली की बरोबर बसती. आबाची घंटा वाया कशापायी घालवायची?"

तो इतका खूश होता. मला त्यात वावगं काही दिसलं नाही.

आठवड्यातून एकदा मी खेचरावर चीजचे डबे लादून गावात उतरायचे. सप्टेंबरातल्या त्या दिवशी मी डबे सासूच्या अंगणात उतरवले. शीना माझी सासू, कंबरेत वाकलेली, पण जीभ कोयत्यासारखी. तिने मला बटाट्याची जाड पोळी दिली आणि समोर बसून मिरच्या ओवायला लागली.

"कसा हाय माजा येडा?"

"बरा हाय. घंटा बसली म्हनतोय."

"कंची घंटा?"

मी सांगितलं. नवी कशी आणली, जुनी कुठे बांधली. सासूच्या हातातली सुई थांबली.

"जॉर्जाला बांदलेली घंटा थंडीच्या तोंडावरल्या दिमितारच्या दिसापातूर काडत न्हाईत, पोरी. त्याला कुनी सांगिटलं न्हाई व्हय? मीच सांगाया पायजे हुतं." मिरच्यांची माळ तिने बाजूला सारली. "ती जुनी मेंढरं तिच्या आवाजाखाली जल्माला आल्यात. उजेडात ती पाशाला बगून चालत्यात. पर धुकं आलं, डोळ्याला दिसंना, मग कशाच्या मागं जात्याल?"

मी पोळी खाली ठेवली.

"वारा कुटला हाय आज?" सासू म्हणाली.

आम्ही दोघींनी डोंगराकडे पाहिलं. वरचा भाग दिसत नव्हता. दरीतून पांढरं धुकं वर चढत होतं.

खेचर मी तिथेच सोडलं. त्या वाटेने मी आयुष्यात इतकी पळाले नव्हते. बूट ओल्या मुळांवरून घसरत होते, छातीत कुणी चिमटा घातल्यासारखं दुखत होतं, आणि मी धावता धावता देवाला शिव्याही देत होते आणि विनवण्याही करत होते. अर्ध्या वाटेवर धुक्याने मला गिळलं. हात पुढे केला तर बोटं दिसेनात. पायाखालची वाट तेवढी कळत होती.

झोपडीत कुणी नव्हतं. चूल थंड होती. सकाळचं दूध तसंच उघडं, त्यात माशा. मी ओरडले, "करमफिऽऽल!" धुक्यात आवाज तोंडापुढेच पडला. कुत्राही भुंकला नाही.

मग मला घंटा ऐकू आल्या.

सगळ्या घंटा एकदम चालत होत्या. एरवी चरताना एक इथे वाजते, एक तिथे. आज सगळा कळप एका दिशेने, एका चालीने जात होता, आणि त्यांच्या पुढे, लांबून, कड्यावरून सासऱ्याची जुनी घंटा त्यांना हाका मारत होती. तिचा आवाज आणि ह्यांचा आवाज एकमेकांत असे मिसळले होते की कुठून काय येतंय ते कळेना. मी क्षणभर पळायची थांबले. खरंच थांबले. इतकं सुंदर मी पूर्वी कधी ऐकलं नव्हतं, आणि तो मेंढ्यांच्या मरणाचा आवाज होता.

मग माझे पाय सुटले. झुडपांना धरत, पडत, मी कड्याकडे निघाले. ओल्या लोकरीची अंगं माझ्या मांड्यांना घासत पुढे जात होती. मी त्यांना मारलं, लोकर धरून मागे ओढलं, ओरडले. एकही थांबेना. पुढे कुठेतरी एक लहान घंटा घाईने वाजली, मग खाली गेली, खाली जाता जाता बारीक झाली, आणि थांबली.

मी पोटावर पडले आणि तशीच सरपटत पाईनपर्यंत गेले. झाड कड्याच्या अगदी ओठावर. घंटा दरीवर आलेल्या फांदीला बांधलेली. डाव्या हाताने मी बुंधा कवटाळला, उजवा लांब केला. खालून येणारा वारा तोंडावर आदळत होता. घंटा दोनदा हाताला लागून निसटली. तिसऱ्यांदा मी तिच्या आत हात घातला आणि आत आपटणारी लोळी मुठीत धरली.

आवाज बंद झाला.

माझ्यामागे मेंढ्या थांबल्या. एकेक घंटा गप्प होत गेली. माझ्या पायाशी पाशा येऊन उभा राहिला, त्याचा श्वास माझ्या पोटरीवर. आता लोळी सोडायची नाही, एवढंच मला कळत होतं. गाठ सोडायला दुसरा हात हवा होता, आणि दुसरा हात मोकळा केला असता तर मी खाली गेले असते.

"करमफिल!" मी ओरडले.

जवळच कुणीतरी खोकलं. माझ्यापासून दहा-बारा पावलांवर असेल. धुकं जरा विरळ झालं आणि मला तो दिसला. खडकावर बसला होता. गुडघ्यांत कुत्रा, त्याने भुंकू नये म्हणून त्याचं तोंड टोपीत दाबून धरलेलं, गाल ओले. तो तिथे आत्ता आलेला नव्हता. त्याचा कोट पार भिजून गेला होता.

"सोड," तो म्हणाला. रागाने नाही, लाडाने म्हणाला. "युर्दाना, जरा हात काड. जरासंच ऱ्हायलं हुतं."

अस्वल समोर आलं असतं तरी मी इतकी भ्याले नसते.

"मेंढरं चाललीत खाली!" मी म्हणाले. "गावाची मेंढरं! एक गेली बी!"

"ठावं हाय. वल्कानची." त्याने दरीकडे कान केला. "जाताना तिचा सूर बराबर लागला बग."

उजव्या हाताची बोटं बधिर होत चालली होती, लोळीची कड तळव्यात रुतली होती. रडून, शिव्या देऊन, कशानेच तो उठणार नव्हता, हे मला दिसत होतं. म्हणून मी जे खरं होतं तेच हळू आवाजात सांगितलं.

"माजा हात सुटत आलाय, करमफिल. सुटला की घंटा वाजंल. मेंढरं माज्या अंगावनंच जातील. मी बी जाईन त्यांच्यासंगं. मग माजा बी सूर ऐक."

तो माझ्याकडे बघत राहिला. किती वेळ ते मला माहीत नाही. तेवढ्या वेळात मला पटलं की तो खरोखर विचार करतोय, आणि ती गोष्ट मी आजही विसरू शकत नाही.

मग त्याने कुत्रा सोडला. उठला, पडला, पुन्हा उठला, आणि लहान पोरासारखा हातांपायांवर रांगत आला. चाकू काढला. माझ्या अंगावरून हात लांब केला, पट्टा कापला. घंटा माझ्या मुठीत लटकली. मला त्याने कंबरेला धरून मागे ओढलं आणि आम्ही दोघं ओल्या गवतात पडलो.

मी घंटा त्याच्यापुढे केली. "घे. फुडं हो आन घरला न्हे त्येस्नी."

त्याने दोन्ही हात पाठीमागे नेले.

"मला दिऊ नगंस," तो म्हणाला. "तूच वाजीव. माज्या हातात दिऊ नगंस, युर्दाना. मला माजंच भ्या वाटतंय."

म्हणून मी पुढे झाले. एडक्याच्या जागी मी, सासऱ्याची घंटा हलवत, धुक्यातून अंदाजाने झोपडीकडे. मागे सगळा कळप आला. सगळ्यांच्या मागे तो येत होता. मी एकदाही वळून पाहिलं नाही. वाड्याचं फाटक हाताला लागलं तेव्हा मी तिथेच बसले, आणि आचळं भरलेल्या मेंढ्या आपणहून धारेला उभ्या राहिल्या, तशा धारा काढायला लागले. दुसरं काय करायचं ते सुचेना.

ऑक्टोबरच्या शेवटी, संत दिमितारच्या दिवशी आम्ही खाली उतरलो. पाशाच्या गळ्यात जुनी घंटा होती. वल्कानला त्याच्या एका मेंढीच्या बदल्यात आमच्या दोन दिल्या. त्याने दोन्हींचे दात पाहिले, कास दाबून पाहिली.

"काय झालं हुतं, वैनी?"

"धुकं," मी म्हणाले.

"आन ह्यो बोलत कसा न्हाई?"

"तुज्यासंगं बोलून कुनाचं भलं झालंय?"

तो हसला आणि मेंढ्या घेऊन गेला.

दुपारी सासूच्या ओसरीवर आम्ही घंटा उतरवायला बसलो. हिवाळ्यासाठी ठेवायच्या आधी प्रत्येक घंटेच्या तोंडात लोकर ठासून भरायची, म्हणजे लोळी हलत नाही. उरलेल्या एकोणचाळीस घंटा करमफिलने भरल्या. एकही दाताला लावली नाही. मोठी उचलली आणि माझ्या मांडीवर ठेवली.

"तू भर," तो म्हणाला. मग लोकर माझ्याकडे सरकवत, "युर्दाना, मी वसंतात पुन्यांदा वर जानार. दुसरं कायच येत न्हाई आता मला."

"आन धुकं आलं मंजी?"

त्याने माझ्या उजव्या हाताकडे पाहिलं. "तू येशील न्हवं?"

सासू दारात उभी होती. तिने माझ्याकडे पाहून मान हलवली, नको म्हणून. मी लोकरीचा पुंजका घंटेत कोंबला, अंगठ्याने दाबला, अजून एक कोंबला. आणि येते म्हणाले.

नंतर सासूने मला स्वयंपाकघरात गाठलं. मी तिला सांगितलं, कुणीतरी त्याला राखायला पाहिजे, दुसरं कोण राखणार? ते खरंही होतं. तिने माझ्या डोक्यावरून हात फिरवला आणि रडली. पण तिथे त्या धुक्यात, कड्यापाशी पोचायच्या आधी जिथे मी उभी राहिले होते, तिथे उभं राहून मला तो आवाज पुन्हा ऐकायचा होता. हे मी तिला सांगितलं नाही. करमफिलला तर नाहीच नाही.